शंभर टक्क्यांचे चांगदेव सर

आमच्या सावरखारच्या हायस्कुलातून मॅट्रिकला बसलेली पहिली तुकडी चोपन्न सालची, आणि तिचा निकाल लागला शून्य टक्के. हे मी ऐकीव सांगत नाही, त्या शून्यात माझाही वाटा आहे. आम्ही सगळे बसलो आणि सगळे पडलो. निकालाचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा. त्या दिवशी स्टँडवर नुसती झुंबड उडाली होती. नंबर शोधता शोधता एक पेपर फाटला, दुसरा आणला, तोही वरपासून खालपर्यंत वाचला. मग कोणीतरी म्हणालं की आपल्या शाळेचे नंबर छापायचेच राहिले असतील. गाव दोन दिवस त्या आशेवर जगलं.

मी नापास होऊन बापाच्या कापडाच्या दुकानात बसलो तो अजून बसलेलोच आहे, त्यामुळे माझं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते चांगदेव सरांचं.

चांगदेव बुधाजी शिगवण आमचे हेडमास्तर. पलीकडच्या कोंडावरचं, म्हणजे वाडीवरचं, कुणब्याचं घर. बाप बुधाजी पावसाळ्यात भात लावायचा आणि शेतं कापून झाली की मुंबईच्या गोदीत ओझी उचलायला जायचा. त्या बापानं पोराला बी.ए. केलं. आमच्या अख्ख्या पट्ट्यात कुणब्यांतला तो पहिला बी.ए. मुंबईत त्यांना चांगली नोकरी होती. पण गावानं शाळा बांधायला घेतली तेव्हा चार म्हातारे मुंबईला जाऊन त्यांच्या खोलीच्या दारात बसले आणि म्हणाले की आमच्या पोरांना शिकवायला आमचाच माणूस पाहिजे. सर दुसऱ्या आठवड्यात बिऱ्हाड घेऊन आले.

शाळेची इमारत गावानं अंगमेहनतीनं उभी केली. ज्याच्याकडे झाड होतं त्यानं झाड दिलं, ज्याच्याकडे काही नव्हतं त्यानं हात दिले. जांभ्याचे चिरे खाणीपासून शाळेपर्यंत बायकांनी डोक्यावरून आणले. त्यात आमच्या दुकानामागची सखुबाई होती. ती विधवा होती, लोकांच्या शेतात लावणी-कापणी करून पोट भरायची. तिची सहा-सात वर्षांची पोरगी, केसर, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर दगडाचा एवढासा तुकडा घ्यायची आणि आईच्या मागं ठेक्यात चालायची. आम्ही तिला चिडवायचो की तुझ्या दगडावरच शाळा उभी राहणार आहे बघ. तिला ते खरंच वाटायचं.

तर अशा शाळेचा निकाल शून्य लागला. मंगळवारच्या बाजाराला शेजारच्या म्हसळ्याची माणसं यायची. ती मुद्दाम विचारायची, काय हो, निकाल लागला म्हणे तुमच्या शाळेचा? आणि माना वळवून हसायची. आम्ही पोरं निर्लज्ज होतो, आम्हीही हसायचो. सर मात्र बाजारातून जायचेच बंद झाले. घरापासून शाळेपर्यंत सरळ रस्ता असताना ते मागच्या बांधांवरून, चिखलातून, धोतर वर धरून यायचे. अलिबागहून तपासणीला साहेब आले, त्यांनी सगळ्या कमिटीसमोर सरांना विचारलं की ही शाळा आहे की कोंडवाडा, आणि असंच चाललं तर ग्रँटचा विचार करावा लागेल.  त्या दिवसापासून सर बदलले, असं मला वाटतं. माणसाला चारचौघांत एवढं लाजवलं की त्याला दुसरं काही सुचत नाही, फक्त ती वेळ पुन्हा येऊ नये एवढंच सुचतं.

त्यांनी काही नवं पाप शोधून काढलं नाही. ज्या शाळांचं नाव मोठं होतं त्यांतल्या पुष्कळ शाळा तेच करायच्या. अकरावीच्या पोरांची आधी शाळेतच एक चाचणी घ्यायची. तिच्यात जे नक्की पास होणारे दिसतील त्यांचेच मॅट्रिकचे फॉर्म पाठवायचे. बाकीच्यांना सांगायचं, यंदा तुझी तयारी नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघायला कोण थांबतं? बाप दुसऱ्याच आठवड्यात पोराला मुंबईच्या गाडीत बसवायचा.

निकाल चढत गेला. आधी निम्म्यावर आला, मग ऐंशीच्या घरात, आणि अठ्ठावन्न साली शंभर टक्के. सगळं गाव वेडं झालं. सरांना फेटा बांधून, पुढं ढोल-सनईचा खालूबाजा लावून, गावभर मिरवलं. म्हसळ्याच्या लोकांना दिसावं म्हणून मुद्दाम मंगळवारी मिरवलं. त्यानंतर दर साली शंभर टक्के, दर साली मिरवणूक. हेडमास्तरांच्या खोलीत एक काळी पाटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं साल, किती बसले, किती पास झाले आणि टक्के असं लिहिलेलं असायचं. वर्गात किती होते, हा रकाना तिच्यावर नव्हता. तो आम्हांलाही आठवला नाही. अकरावीत बाकं गच्च भरलेली असायची आणि परीक्षेला एका टांग्यात मावतील एवढी पोरं जायची, हे सगळ्यांना दिसत होतं. पण शंभर हा आकडाच असा आहे की त्याच्यापुढं माणूस मोजणं सोडून देतो.

एक गोष्ट मला दुकानात बसून कळत होती. मुंबईहून लग्नाचा बस्ता घ्यायला पोरं यायची, ती बोलायची. माझ्यासारख्याला निदान ‘मॅट्रिक नापास’ असं सांगता येत होतं. हसू नका, गोदीत, गिरणीत, लग्नाच्या बाजारात त्याला किंमत होती. मॅट्रिक नापास म्हणजे मॅट्रिकच्या दारापर्यंत जाऊन आलेला. ज्याचा फॉर्मच गेला नाही त्याला काय म्हणायचं, याला नावच नव्हतं.

आता आमच्याकडचं गाऱ्हाणं काय असतं ते सांगतो, कारण सरांचं सगळं तिथंच झालं. गावातून कोणीही मोठ्या कामाला बाहेर निघालं, मुंबईला असो नाहीतर सासरी, की आधी सोमजाईच्या देवळात नारळ ठेवायचा. गुरव देवीपुढं उभा राहून जाणाऱ्याचं नाव घेतो आणि त्याला सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक नावाला जमलेलं गाव ‘व्हय’ म्हणतं. सगळी नावं झाली की गुरव, जाणाऱ्यांना जो वडीलमाणूस घेऊन आला असेल त्याला विचारतो, ‘कोण ऱ्हायलं असल तर आता सांग. मागनं आईवर बोल ठेवायचा न्हाय.’ वडीलमाणसानं म्हणायचं, ‘कोण न्हाय ऱ्हायलं.’ मग नारळ फुटतो आणि सगळं गाव शेवटचं ‘व्हय’ म्हणतं. कारण जाणाऱ्यातलं एखादं नाव राहिलं तर त्याच्यावर देवीची नजर राहत नाही, असं आमच्याकडं मानतात.

अकरावीची पोरं परीक्षेला अलिबागला जायची, दिवसभराचा एस.टी.चा प्रवास. त्यांचं गाऱ्हाणं आदल्या सकाळी व्हायचं आणि वडीलमाणूस म्हणून चांगदेव सर उभे राहायचे. दर साली हिरामण गुरव विचारायचा आणि दर साली सर म्हणायचे, कोण न्हाय ऱ्हायलं. एरवी ते शुद्ध बोलायचे, पण देवीपुढं घरचंच बोलायचे. मला वाटतं त्या शब्दांकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

एकसष्ट साली केसर अकरावीत होती. गावात अकरावीपर्यंत पोचलेल्या पोरी बोटावर मोजण्याएवढ्या, आणि त्यात ही सखुबाईची. तिला अलिबागच्या इस्पितळात नर्सचं शिकायचं होतं. त्याला मॅट्रिक लागत होतं. सखुबाईनं भावकीला तोंड देऊन तिला शाळेत ठेवली होती. मॅट्रिकला बसू दे, पास झाली तर नर्स, नापास झाली तर तुम्ही सांगाल त्या घरी देते, असा तिनं शब्द दिला होता. हे मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं.

केसर चाचणीत इंग्रजीत थोडक्यात गेली. सरांनी तिचा पेपर दोनदा तपासला म्हणतात. पोरगी कष्टाळू होती, दोन महिने होते, मेहनत केली असती तर तरली असती, नाहीतर बुडाली असती. पण ती बुडाली तर पाटीवर शंभर लागले नसते. सरांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी.  घरी जाऊन तिनं आईला काही सांगितलं नाही. तिला लाज वाटली. रोज दप्तर घेऊन शाळेत जात राहिली आणि मागच्या बाकावर बसत राहिली.

त्यामुळे गाऱ्हाण्याच्या सकाळी सखुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, नारळ घेऊन देवळात आली. केसर तिच्या मागं होती, आणि तिचं तोंड बघून मला कळलं की काहीतरी भलतंच आहे. मीही तिथं होतो, आमच्या दुकानाचा दरसालचा नारळ असायचा.

हिरामणनं नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला गाव व्हय म्हणत होतं. सखुबाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणत होती आणि प्रत्येक नावानंतर, आता आपलं येणार म्हणून, नारळ थोडा पुढं करत होती. नावं संपली. हिरामणनं रिवाजाप्रमाणं सरांना विचारलं, कोण ऱ्हायलं असल तर सांग.

सखुबाईला वाटलं गुरवाची चूक झाली. ती हळूच म्हणाली, ‘माज्या केसरचं नाव ऱ्हायलं.’

 हिरामणनं सरांकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, ‘मास्तर, कोण ऱ्हायलं काय?’

सरांनी केसरकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही. सरांचा चेहरा असा झाला होता की मला दुसरीकडं बघावंसं वाटलं. ते खरं बोलू शकले असते. तिचा फॉर्म गेला नाही, एवढंच सांगायचं होतं. पण मग कोणीतरी विचारलं असतं, का गेला नाही? आणि बाकीच्यांचे का गेले नाहीत? भरल्या देवळात, दर सालच्या मिरवणुकीच्या माणसांसमोर त्यांना ते जमलं नाही.

‘कोण न्हाय ऱ्हायलं,’ सर म्हणाले.

हिरामणनं नारळ फोडला.  सखुबाईनं मागं वळून पोरीकडं पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिनं भांडण केलं नाही. आपला नारळ इतरांच्या नारळांशेजारी ठेवला आणि सगळ्या गावाबरोबर ‘व्हय’ म्हणाली. मला भयंकर राग आला होता. कोणाचा ते सांगता येत नाही, कारण मीही व्हय म्हणालो होतो.

निकाल शंभर टक्के लागला. सरांनी मिरवणूक नको म्हणून सांगितलं, अंगात कणकण आहे म्हणाले, पण कोण ऐकतो? फेटा बांधून त्यांना काढलंच. मिरवणुकीत दारोदार ओवाळायचा रिवाज. आमच्या गल्लीत आल्यावर सर पुढच्यांना म्हणाले, इथून वळू या. खालूबाजावाल्यांना ते ऐकूच गेलं नाही. सखुबाई आरती घेऊन दारात उभी होती. केसर तोवर सासरी गेली होती. वैशाखातच तिला भावकीनं ठरवलेल्या घरी, मुंबईत गोदीवर कामाला असलेल्या माणसाला दिली होती.

सखुबाईनं सरांना कुंकू लावलं, ओवाळलं. वाजवणारे दमले होते, ते तेवढ्यात थांबले, म्हणून ती काय म्हणाली ते आम्हांला ऐकू आलं.

‘माजीच पोर उणी पडली, सर. पन तुमचा निकाल न्हाय तिनं नासवला.’

तिला सरांचं मन राखायचं होतं, दुसरं काही नव्हतं. टोमणा मारणारी बाई नव्हती ती. देवळात आपण मध्येच बोललो, मास्तरांना अडचणीत आणलं, याचीच तिला लाज वाटत होती. सरांनी तिथंच फेटा काढला. गरमतंय, म्हणाले. पुढची सगळी मिरवणूक ते बोडक्या डोक्यानं, फेटा काखेत धरून चालले. लोकांनी हार घातले तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केलीच नाही. बघणाऱ्यांना वाटलं, केवढा हा विनय.

पुढच्या साली सरांनी चाचणी घेतली, पण फॉर्म सगळ्यांचे पाठवले. ठोंब्यांचेसुद्धा. कमिटीत मोठा तमाशा झाला. चेअरमन म्हणाले, तुम्ही शाळेचं नाव घालवायला निघालात. सर म्हणाले, नाव मीच मिळवलं होतं, मीच घालवतो. असं उर्मट ते आयुष्यात एकदाच बोलले असतील.

त्या साली गाऱ्हाण्याला देवळात उभं राहायला जागा नव्हती. हिरामण नावं घेता घेता दमला, मध्ये पाणी प्याला. शेवटी त्यानं विचारलं, कोण ऱ्हायलं असल तर सांग.

 सर म्हणाले, ‘ऱ्हायलं. मागल्या सालांची लय ऱ्हायली.’

हिरामण म्हणाला, नावं सांगा. सरांनी केसरचं नाव सांगितलं. अजून दोघातिघांची सांगितली आणि अडकले. डोळे मिटून आठवायला लागले, पण नावं येईनात. शंभर टक्के मिळवताना जी पोरं बाजूला काढली, ती त्यांच्या डोक्यातूनही गेली होती. पास झालेला प्रत्येक जण त्यांना नावानं, नंबरानं, गुणानं पाठ होता. मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या घटकेला वाटली असेल. भिंतीला हात लावून ते उभे होते.

मग मागून कोणाची तरी आई म्हणाली, ‘माजा सदू.’ दुसरी म्हणाली, ‘आमची नलू.’ एक म्हातारा म्हणाला, ‘कान्हा, माजा नातू.’ अशी नावं येत राहिली. हिरामण एकेक घेत होता. ती पोरं मुंबईत होती, कोणी गिरणीत, कोणी खानावळीत, परीक्षेला कोणीच जाणार नव्हतं. तरी गाव प्रत्येक नावाला व्हय म्हणालं. सर म्हणाले नाहीत. त्यांचे नुसते ओठ हलत होते.

त्या साली निकाल लागला चौतीस टक्के. पेपर आणायला सर स्वतः स्टँडवर गेले. म्हसळ्याची दोन माणसं तिथं होती, ती जे बोलायचं ते बोलली. सर या वेळी बांधावरून गेले नाहीत. भर बाजारातून, मान खाली घालून, पेपर हातात धरून चालत आले, आमच्या दुकानाला वळसा घालून मागं गेले आणि सखुबाईच्या ओटीवर बसले. मागची खिडकी उघडी होती, मला ऐकायला कान टवकारावे लागले नाहीत.

सर म्हणाले, ‘निकाल नासला, सखुबाई.’

तिनं त्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं. चौतीस म्हणजे किती पोरं, ते विचारलं. सरांनी सांगितलं. तिला तो आकडा मोठाच वाटला, कारण आदल्या साली याहून कमी पोरं पास झाली होती. असंच होतं ते. मलाही तोवर सुचलं नव्हतं. बरं झालं की मग, ती म्हणाली.

 मग ती भात पाखडायला बसली, त्या सुपाचा तेवढा आवाज येत होता. थोड्या वेळानं तो थांबला आणि तिनं सहज विचारलं, ‘सर, माजी केसर बसली असती तर पास झाली असती काय वो?’

रागानं विचारलं नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि गावात ते सांगू शकेल असा एकच माणूस होता.

 मी खिडकीतून पाहिलं. पाण्याचा तांब्या सरांच्या हातात तसाच होता.

‘माहीत न्हाय,’ ते शेवटी म्हणाले. ‘ते आता कोनालाच कळायचं न्हाय.’

सखुबाईनं मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.